दहा गोळ्यांची पुडी

अध्यक्ष महोदय, मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'एचआयव्हीच्या औषधांचा पुरवठा कसा बळकट करावा'. त्याच्याकडे येतोच. पण आधी मला पुडीबद्दल बोलू द्या.

मी एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत देणाऱ्या सरकारी केंद्राच्या खिडकीत औषधं द्यायचो. एका वर्षी वरून माल येईना. तीस गोळ्यांची बाटली द्यायची, तिथं आम्ही बाटल्या फोडून दहा-दहा गोळ्या कागदात बांधून देऊ लागलो. त्या बाटलीत ओल शोषून घेणारी छोटी पुडी असते. ती उगाच नसते, या गोळ्यांना दमट हवा सोसत नाही. आणि आम्ही कागदात बांधत होतो, पावसाळ्यात!

एक मावशी यायच्या. खुरपणीला जायच्या. दोन यष्ट्या बदलून येणं, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. बायकांना अर्धं तिकीट २०२३ मध्ये झालं, ही गोष्ट त्याच्या आधीची. महिन्याला एक खाडा त्यांनी 'शुगरचा डॉक्टर' म्हणून पचवला होता. तीन खाडे झाल्यावर मुकादम विचारणारच. तिसऱ्या फेरीला त्यांच्याकडे सात गोळ्या शिल्लक निघाल्या. गोळ्या मोजायच्या हा आमचा नियम. मी रागावलो. मावशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक दिवसाआड घेते. पुडी वीस दिवस पुरते."

मित्रहो, आम्ही वर्षभर त्यांना काय शिकवलं होतं? एकही गोळी चुकवू नका. चुकली की विषाणू शिरजोर होतो, मग तेच औषध त्याला बाधत नाही, सेकंड लाइनवर, म्हणजे दुसऱ्या फळीच्या औषधांवर जावं लागतं. आम्ही पुडी बांधली, तेव्हा त्यांनीही पुडी बांधली.

आता माझं रजिस्टर बघा. आरंभीचा साठा, आवक, वाटप, शिल्लक. शिल्लक ६,००० गोळ्या. वर बसलेल्याला वाटतं, भरपूर आहेत. आमच्याकडे हजार माणसं रोज एक गोळी घेत होती. म्हणजे सहा दिवसांचा साठा! आणि पुड्या बांधत गेल्यामुळे शिल्लक कधी शून्य झालीच नाही. साठा शून्य नाही, म्हणजे तुटवडा नाही, असा अहवाल गेला. तो मीच सही करून पाठवला. हे मला आजही टोचतं.

दुःख जास्त अशासाठी, की हे औषध आपल्याकडेच बनतं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं, युसूफ हमीद यांच्या काळात, तीन औषधांचा माणशी वर्षाचा खर्च १०,००० डॉलरच्या वरून ३५० डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली. आफ्रिकेत लाखो माणसं भारतीय गोळ्यांवर जगली. १ एप्रिल २००४ ला सरकारनं मोफत औषध सुरू केलं, देशात आठ रुग्णालयांत, त्यात आपलं जेजे होतं. त्याच देशात २०२२ च्या पावसाळ्यात औषधासाठी रुग्ण दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात महिनाभराहून जास्त धरणं धरून बसले. साठा पुरेसा असल्याचं सरकार सांगत होतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी खरं बोलत असतील, कारण एक बाजू गोळ्या मोजते आणि दुसरी पुड्या. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही औषध 'शक्य असेल तितपत' द्यायचं म्हटलंय. ते शब्द मला मान्य नाहीत. रोजच्या गोळीला शक्य-अशक्य नसतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

साठा दिवसांत मोजा. तीन महिन्यांखाली गेला की पुढची मागणी, दीड महिन्याखाली गेला की शेजारच्या केंद्राकडून माल हलवा. त्या गाडीचं भाडं आधीच मंजूर हवं. फार्मासिस्टनं स्वतःच्या स्कूटरवर खोकी आणायची नाहीत. निविदा उशिरा निघाली की खिडकीत पुडी येते, म्हणून निविदेची तारीख सर्वांना कळू द्या.

मागणी नुसत्या गेल्या महिन्याच्या सरासरीवर काढू नका. मुलांचा डोस वजनानुसार बदलतो. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध दिवसातून दोनदा लागतं. ही जादा गोळी सरासरीत दिसत नाही, ती फार्मासिस्टला माहीत असते. त्याला विचारा. गरोदर बाईला लोहाची, कॅल्शियमची गोळी डोल्युटेग्राविरबरोबर उपाशीपोटी घेऊ नका, हे सांगायलाही त्याला दोन मिनिटं लागतात. रांग शंभराची असेल तर ती कुठून आणायची?

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, आटोक्यात असलेल्यांना तीन महिन्यांचं औषध एकदम द्या. करोनात २०२० मध्ये आपण एका वेळी जास्त महिन्यांचं देऊन दाखवलंय.

आणि रजिस्टरात एक रकाना वाढवा, 'पूर्ण महिन्याचं न मिळालेले'. निवृत्तीआधीची दीड वर्षं मी तो माझ्या वहीत पेन्सिलीनं आखून भरला. नावं नाहीत, फक्त आकडे. वही मागच्या टेबलावर ठेवलीय. जाताना जरूर चाळा.