पाण्याकडून वाचायचा किल्ला

(दृश्य: पहाटेचा सिद्धेश्वर तलाव, मागे भुईकोटाचा तट)

सोलापूरचा भुईकोट. पूर्वेला सिद्धरामेश्वरांच्या काळापासूनचा तलाव, उरलेल्या तीन बाजूंना 100 ते 150 फूट रुंदीचा खंदक, आणि मधोमध बहामनी काळातल्या किल्ल्याचा दुहेरी तट. गड्ड्याच्या जत्रेत हजारो पावलं या तटाजवळून जातात. थांबून तटाकडे पाहणारे थोडे, आणि काय पाहायचं हे ठाऊक असलेले त्याहून थोडे.

तट बघायला शिकावं लागतं, आणि ते जाणत्या माणसाबरोबर चालूनच शिकता येतं. सोलापुरात किल्ला दाखवायचं काम अंगावर घेऊ पाहणारी ही चौदा माणसं त्यासाठीच आली आहेत वसईच्या किल्ल्यात. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, पहाटे दादर, तिथून विरार गाडी, वसई रोडला पश्चिमेकडे उतरून किल्ल्याची बस. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद असायची वेळ, आधी पाहून ठेवा. दादरला तासभर गेला की पुढची सगळी फेरी कोलमडते, कारण ही फेरी भरती-ओहोटीवर आखलेली असते.

(दृश्य: दर्यादरवाजाबाहेरचा धक्का, गाळात कललेल्या होड्या)

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. आज चतुर्थी. चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनला पुन्हा भरती आणि सकाळी नवाच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी परत प्रतिपदेपासून. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण फेरी आखायला एवढं पुरतं. अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो; मग ओहोटी भर दुपारी बाराला, आणि डोक्यावर वसईचं दमट ऊन. म्हणून तारीख ठरवताना आधी पंचांग, मग रेल्वेचं वेळापत्रक.

ओहोटी एवढी कशाला हवी? या होड्या बघा. पाणी उतरलं की त्या जागच्या जागी कलंडतात. पुढची भरती येईपर्यंत हलत नाहीत. चारशे वर्षांपूर्वीच्या गलबताचीही हीच गत. खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधणाऱ्याला समुद्राइतकाच हा गाळ राखणदार होता. भरतीच्या वेळी आलेल्या पाहुण्याला इथे फक्त चकाकणारं पाणी दिसतं, संरक्षण दिसत नाही.

आणि म्हणूनच फेरीची सुरुवात पाण्याकडून. बस थांबते तिथून आत शिरणं सोपं, पण मग चर्च, देऊळ, भिंत, झाडी असं सगळं सुटं सुटं दिसत राहतं. दर्यादरवाजातून आत गेलं की गावाचा क्रम लागतो: आधी धक्का, मग दरवाजा, पहाऱ्याची जागा, मग रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना चर्च, मठ, घरं. वसई म्हणजे तटाच्या आतलं अख्खं गाव, सुमारे 110 एकरांचं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने ही जागा पोर्तुगीजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला.

दरवाजातून आत आलं की पुढे धावायचं नाही. मागे वळायचं. दाराच्या फळीवरचे लोखंडी खिळे बाहेरून दिसतात, पण दरवाजा समजतो तो आतून. दार फिरतं ते कुठे, अडसर सरकतो तो कुठल्या भोकातून, पहारेकऱ्याची देवडी कुठल्या अंगाला, त्याला दार दिसायचं का. एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. घाईच्या फेरीत हीच दहा मिनिटं आधी कापली जातात.

एका मार्गदर्शकामागे पंधराच्या वर माणसं नकोत. किल्ल्यातून वाहता रस्ता जातो, बंदराकडची रिक्षा, टेम्पो चालूच असतात. सोळाव्या माणसाला अर्धं वाक्य ऐकू येतं. बोलायला उभं राहायचं तर मार्गदर्शकाने तोंड उन्हाकडे ठेवायचं, ऐकणाऱ्यांनी पाठ. उलटं केलं तर लोक डोळे बारीक करून उभे राहतात आणि दहा मिनिटांत सावली शोधायला लागतात. माणशी दोन लिटर पाणी सोबतच घ्यायचं, आणि पायात चप्पल नको, बूट हवेत. गवतात पाय टाकण्याआधी काठी.

(दृश्य: ओल्या मातीवर काठीने काढलेली आकृती)

हा चित्रातला गोल म्हणजे आपल्याकडचा बुरुज. शेजारच्या दोन बुरुजांवरून मारा केला तरी गोल बुरुजाच्या थेट नाकासमोर एक तिकोनी जागा उरते, जिथे गोळी पोचत नाही. ही आंधळी जागा. शत्रू तिथे पोचला की निवांत खणू शकतो. आता हा दुसरा आकार, बाणाच्या टोकासारखा. गोलाई काढून टाकली, पुढे टोक आणलं, आणि आंधळी जागा दगडानेच भरून टाकली. शेजारच्या बुरुजावरचा गोलंदाज आता या बुरुजाच्या पूर्ण गालावर तोफ धरू शकतो. तोफांच्या जमान्यात युरोपात घडलेला हा घाट, वसईच्या तटावर चालताना पायाखाली जाणवतो. फांजी म्हणजे तटाच्या माथ्यावरची वाट, ती चालता चालता एकदम कोनात वळते.

मग सोलापूर मागे पडलं का? मुळीच नाही. भुईकोटाने हाच प्रश्न पाण्याने सोडवला. बाहेरचा तट बुटका, आतला उंच, त्यामुळे दोन्ही तटांच्या जंग्यांतून, म्हणजे मारा करायच्या भोकांतून, एकाच वेळी मारा; आणि पुढ्यात एवढा रुंद खंदक की बुरुजाच्या नाकासमोर पोचायलाच आधी पोहावं लागेल. सोलापूरच्या मार्गदर्शकाने हे दोन आकार मातीत काढून दाखवलेच पाहिजेत. पाटीवर लिहिलेल्या दहा सनावळ्यांपेक्षा ही एक आकृती माणूस घरी घेऊन जातो.

वसई पडली ती जमिनीकडून. 1739 चा जानेवारी उलटेपर्यंत माहीम, तारापूर ही ठाणी चिमाजीआप्पांच्या फौजेने घेतली होती आणि वेढा वसईभोवती आवळला. तोफांनी हा तट लवकर दाद देत नव्हता. उरला सुरुंग. सुरुंग म्हणजे बुरुजाच्या पायापर्यंत जमिनीखालून खणत जायचं, टोकाला दारू भरायची, वात बाहेर आणायची आणि मागची वाट ठोसून बुजवायची. बुजवणं ढिलं राहिलं तर स्फोटाचा जोर बुरुज उचलायच्या ऐवजी खणलेल्या वाटेने परत येतो. वाती एका मापात जळल्या नाहीत तर एक सुरुंग आधी उडतो, दुसरा मागाहून. आणि मागाहून उडणारा, खिंडारात शिरलेल्या आपल्याच माणसांच्या पायाखाली असतो. वसईच्या हल्ल्यात हेही झालं. खणणाऱ्यांच्या अंगावर वरून गोळे आणि पेटती दारू पडत असायची. तरी खणणं थांबलं नाही. सेंट सेबॅस्टियन बुरुज हा त्या खणणाऱ्यांचा बुरुज आहे, त्याच्यासमोर उभं राहून आधी त्यांचंच नाव काढलं पाहिजे.

बुरुज ढासळला, मे 1739 मध्ये तह झाला, पोर्तुगीज गाव सोडून गेले. चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही टांगलेल्या आहेत.

(दृश्य: फ्रान्सिस्कन चर्चची जमीन, कोरीव थडग्यांचे दगड, हातात छोटा आरसा)

छप्पर गेलेलं. जमीन मात्र थडग्यांच्या दगडांची. नुसत्या डोळ्यांना काहीच वाचता येत नाही, झिजलेला काळा दगड. आता आरसा बघा. दाढीचा असतो तेवढाच. ऊन पकडायचं आणि ते दगडावर सरळ न टाकता जवळजवळ आडवं, जमिनीला घासत सोडायचं. कोरीव रेघेच्या एका कडेला सावली धरते, दुसरी उजळते, आणि अक्षर उठतं. एक ओळ. आरसा बोटभर सरकवला की दुसरी. बहुतेक लेखांची सुरुवात एकाच शब्दांनी होते, ‘ही समाधी अमक्याची’.

दगडावर खडू फासायचा नाही, चुना भरायचा नाही, तेल ओतायचं तर अजिबात नाही. तेलावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल, आणि चार वर्षांत अक्षराची खाच बुजून सपाट होते. आपल्याकडे वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांवर, श्रद्धेने हेच केलं जातं. आरशाने दगडाला काहीच लागत नाही.

सेंट जोसेफ चर्चच्या दारावर 1601 सालचा लेख आहे. तो उंचावर आहे, त्याला दुर्बीण लागते. मनोऱ्यात गोल फिरत जाणारा जिना उघडा असला तर एका वेळी पाचच माणसं सोडावीत. पायऱ्या अरुंद आहेत, वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की कुणालातरी मागे सरकत उतरावं लागतं. पावसाळ्यात शेवाळ धरतं. तेव्हा वर जाऊच नये.

डब्यातली कडक भाकरी सोलापुरात आठवडाभर कुडकुडीत राहते. इथे घट्ट झाकण नसेल तर जेवायच्या वेळेला ती वाकते, मोडत नाही. हीच ओल या भिंतींत मुरलेली आहे. पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचं बी सांध्यात पडतं, चुन्यात ओल मिळते, मूळ सुतासारखं आत जातं आणि पाच-सात वर्षांत दगड जागचा सरकवतं.

स्वच्छतेला येणारी भली माणसं इथेच चुकतात. हिरवं दिसलं की उपटतात. बोटाएवढं मूळ ओढलं तरी त्याने कवेत धरलेला दगड सोबत येतो आणि वरचे दोन सुटतात. झाड बुंध्यात कापायचं, बुंधा औषध लावून मारायचा, मूळ वाळून सैल झाल्यावर काढायचं आणि सांधा चुन्यानेच भरायचा. सिमेंटने नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक, ओल बाहेर सोडत नाही. मग ती दगडातून बाहेर पडते, सोबत खार आणते आणि दगडाच्या कपच्या उडतात. हे सगळं काम पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. वसई काय किंवा सोलापूर काय, फेरीतल्या माणसाने फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची आणि कळवायचं.

दुपार. पाणी चढतंय, होड्या सरळ होतायत.

31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो या वसईत. पंधरा वर्षं आणि साडेचार महिन्यांनी, मे 1818 मध्ये, इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेपुढे सोलापूरचा भुईकोट पडला. दोन्ही जागा एका माणसाने सलग सांगायला हव्यात.

(दृश्य: सोलापूर, भुईकोट, सकाळ)

भुईकोटाची फेरी तलावाच्या काठावरून सुरू करायची. आधी पाणी, त्यात उभं राहिलेलं तटाचं प्रतिबिंब, दोन तटांमधला उंचीचा फरक. मग खंदक. मग एकामागे एक दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजात मागे वळून पाहणं. आत उत्खननात उघडं झालेलं देऊळ, त्याला घाई नको. दोन तासांत होतं. तिथीचा हिशेब इथे लागत नाही, उन्हाचा मात्र लागतो. मार्च ते मे साडेसातच्या आत निघायचं.

तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत. इथे, सावलीत, कमरेच्या उंचीवर असा एक. रोज शेजारून जाणाऱ्यालाही दिसलेला नसतो.

आरसा थोडा कलता धरा. अजून थोडा. आता बघा.