न ठरवलेल्या कामाचा ताण

मंडळी, ताणाविषयी बोलायला बसलं की प्रत्येक जण आधी कामांचा पाढा वाचतो. कार्यालय, घर, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं, भरायची बिलं. तो पाढा ऐकताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. हातात घेतलेल्या कामाविषयी कुणी फारसं कुरकुरत नाही. बिल भरायला बसलेला माणूस बिल भरतो आणि उठतो. छळतं ते ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला सारलेलं बिल. ते जेवताना आठवतं, अंघोळ करताना आठवतं आणि रात्री दिवा मालवला की हटकून आठवतं.

असं का होतं, याचा शोध मानसशास्त्रज्ञ बराच काळ घेत आहेत. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं, की मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक आढळला नाही. माझ्या मते त्याहून मोलाचा प्रयोग २०११ चा. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी पाहिलं, की अपुऱ्या राहिलेल्या कामाचे विचार माणूस भलतंच काही करत असतानाही मध्ये लुडबुड करतात. मात्र ते काम कधी आणि कसं करायचं, याची नेमकी आखणी ज्यांनी केली, त्यांच्या डोक्यातली ती लुडबुड शमली. काम होतं तिथंच होतं बरं का! झालं होतं ते फक्त ठरवणं.

मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. ‘सगळं उरकलं की मग मोकळा होईन’ असं आपण म्हणत राहतो, आणि सगळं कधीच उरकत नाही. दिवसाअखेर कामं शिल्लक राहणारच. ती शिल्लक असतानाही मन मोकळं होऊ शकतं, एवढं जरी पटलं तरी संध्याकाळ आपल्या हातात येते.

झोपेचंच बघा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी दिवसभरात केलेल्या कामांविषयी लिहिलं, काहींनी पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांविषयी. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. त्यांच्यातही ज्यांनी जास्त बारकाईनं लिहिलं, ते अधिक लवकर झोपले. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण करून बघायला वही-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही, म्हणून मी तो आवर्जून सांगतो.

आता ‘बारकाईनं’ म्हणजे कसं, ते जरा सावकाश पाहू, कारण इथंच बहुतेकांची यादी फसते. ‘विमा’ असं एका शब्दात लिहिलं, तर ती आठवण झाली, आखणी नव्हे. ती ओळ दिसली की पोटात गोळा येतो आणि नजर पुढं सरकते. ‘बुधवारी सकाळी चहा झाल्यावर विम्याचा कागद काढायचा आणि हप्त्याची तारीख बघायची’ असं लिहिलं की काम कुठून सुरू होणार, ते कळतं. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञांनी याच धर्तीच्या संकल्पांवर पुष्कळ काम केलं आहे: अमुक वेळ आली की मी तमुक करीन. मोघम निर्धारापेक्षा असा संकल्प तडीस जाण्याची शक्यता जास्त असते, असं अनेक प्रयोगांत दिसून आलं आहे. यादी मात्र एकाच जागी असावी. अर्धी फोनमध्ये, अर्धी चिठ्ठ्यांवर आणि उरलेली डोक्यात असेल, तर तिच्यावर मनाचा विश्वास बसत नाही आणि ते पुन्हा स्वतःच पहारा देत बसतं. किल्ल्या, कागदपत्रं, औषधं यांच्या जागा ठरवणं हाही मनाला या पहाऱ्यातून सोडवण्याचाच भाग.

दुसरी फसगत वेळेच्या अंदाजात होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असं विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. सगळं बिनसलं तर किती लागतील, याचा त्यांनी केलेला अंदाजही ४९ दिवसांच्या आसपासच होता! म्हणून मागच्या वेळी त्याच कामाला खरोखर किती वेळ लागला होता, तो आकडा धरावा. दिवसाचा काही भाग कोराच ठेवावा. कुणीतरी आजारी पडतं, फोन येतो, यंत्र बंद पडतं. ठासून भरलेलं वेळापत्रक पहिल्याच धक्क्याला कोसळतं आणि त्याचा वेगळाच ताण होतो. असं वेळापत्रक नसलेलं बरं.

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. काहींच्या अंगावर खरोखरच दोन माणसांचं काम असतं. घरात आजारी माणूस, बाहेर नोकरी, मदतीला कुणी नाही. त्यांना ‘नीट नियोजन करा’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. त्यांच्यासाठी यादीचा उपयोग वेगळा. कामं आणि त्यांना लागणारे तास शेजारी शेजारी लिहिले की बेरीज दिवसात मावत नाही, हे कागदावर दिसतं. मग तो कागद घरच्यांपुढं किंवा वरिष्ठांपुढं ठेवावा आणि विचारावं: यातलं कोण काय उचलणार, आणि कुठलं काम या आठवड्यात होणार नाही?