पाइपला परवाना, पावसाच्या पाण्याला अनुदान

नमस्कार श्रोतेहो. आजचं भाषण मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहत असाल, तर घराजवळचा ओढा बहुधा रॅरिटन नदीला जाऊन मिळत असेल. ओहायोत, टेक्ससमध्ये, इलिनॉयमध्ये नदीचं नाव वेगळं असेल, पण कायदा एकच आहे. त्या कायद्यात तुमच्या ओढ्यासाठी पैसा कुठे आहे आणि तो कसा मागायचा, हे आज सांगायचं आहे.

जलप्रदूषणाचा पहिला संघीय कायदा 1948 सालचा. तो दुबळा होता. जून 1969 मध्ये क्लीव्हलँडच्या कायहोगा नदीवर तेलाच्या तवंगाला आग लागली. त्या नदीला त्याआधीही अनेकदा आग लागली होती, पण या वेळी देश हादरला. ऑक्टोबर 1972 मध्ये संसदेने कायदा मुळापासून नव्याने लिहिला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्चाचं कारण देऊन नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी तो मोडून काढला. लोक ज्याला क्लीन वॉटर अ‍ॅक्ट म्हणतात तो हाच.

या कायद्याचा कणा आहे कलम 402. कारखान्याचा किंवा मैलापाणी केंद्राचा पाइप नदीत सोडायचा असेल तर परवाना घ्यावा लागतो. काय, किती आणि कधी सोडलं याचा हिशेब द्यावा लागतो. हिशेब चुकला, तर कलम 505 प्रमाणे सामान्य नागरिकही 60 दिवसांची नोटीस देऊन संघीय न्यायालयात जाऊ शकतो. भारतात 1974 च्या जल कायद्यातही नागरिकाने तक्रार करण्यासाठी 60 दिवसांच्याच नोटिशीची तरतूद आहे. ती 1988 च्या दुरुस्तीत आली, आणि फार थोड्यांना माहीत आहे.

पाइपांच्या बाबतीत हा कायदा उत्तम चालला. आपल्या ओढ्याचं दुखणं मात्र बहुतेक वेळा पाइपातून येत नाही. लॉनवरचं खत, कुत्र्यांची विष्ठा, पार्किंगमधलं तेल, शेतातली माती, गळका सेप्टिक टँक हे सगळं पावसाबरोबर वाहत येतं. शेतातून पावसाने वाहून आलेलं पाणी तर कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. तिथे परवाना नाही, म्हणून दंडही नाही. 1987 मध्ये संसदेने या विखुरलेल्या प्रदूषणासाठी कलम 319 घातलं. त्या वेळी रेगन यांचा नकाराधिकार मोडावा लागला होता. कलम 319 कुणावर सक्ती करत नाही, ते अनुदान देतं. म्हणजे ओढा सुधारायचा तर कुणीतरी पुढे होऊन मागावं लागतं. मागणारा नसेल तर तो पैसा दुसऱ्या ओढ्याकडे जातो.

हा पैसा फार मोठा नाही. गेल्या काही वर्षांत सगळ्या देशासाठी मिळून वर्षाला 17 ते 18 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मंजूर होत आली. ती पर्यावरण संरक्षण संस्थेकडून, म्हणजे ईपीएकडून, राज्यांना मिळते आणि राज्यं ती स्पर्धेने वाटतात. त्यातला निदान निम्मा वाटा पाणलोट आराखड्यांवर आधारलेल्या कामांना द्यावा, असं ईपीएचं मार्गदर्शन आहे. म्हणून सुरुवात आराखड्यापासून करायची.

आधी आपला ओढा कागदावर कसा दिसतो ते बघा. ईपीएचं ‘हाऊज माय वॉटरवे’ नावाचं संकेतस्थळ आहे. त्यात पत्ता टाकला की पाणलोट क्षेत्राचा बारा आकडी क्रमांक आणि ओढ्याची अवस्था दिसते. कलम 303 प्रमाणे दर दोन वर्षांनी, समसंख्येच्या वर्षी, प्रत्येक राज्य आपल्या पाण्यांची पाच वर्गांत विभागणी करून बिघडलेल्या पाण्यांची यादी करतं. पाचव्या वर्गात नाव असेल तर ओढा बिघडलेला आहे आणि प्रदूषणाची कमाल मर्यादा अजून ठरायची आहे. ‘चार अ’ वर्गात असेल तर मर्यादा ठरलेली आहे. तिसरा वर्ग बघून मात्र हुरळून जाऊ नका. तिसरा वर्ग म्हणजे पुरेशी मोजणीच झालेली नाही.

आता आराखडा. ईपीएला त्यात नऊ गोष्टी हव्या असतात: प्रदूषणाची कारणं आणि उगम, ते किती घटेल याचा अंदाज, त्यासाठीची कामं, लागणारा पैसा आणि तांत्रिक मदत, लोकशिक्षण, वेळापत्रक, मधले टप्पे, यश मोजायचे निकष आणि पाण्याची तपासणी. अर्ज सर्वांत जास्त अडखळतात ते दुसऱ्या मुद्द्यावर. ‘काठावर झाडं लावू, लोकजागृती करू’ एवढं लिहून भागत नाही. किती लावली की किती घटेल, ते आकड्यात लागतं.

एक उदाहरण घेऊ. माणसांनी उतरण्याजोग्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे ई. कोलाय जिवाणूंची भूमितीय सरासरी 126 च्या वर नसावी, अशी ईपीएची 2012 ची शिफारस आहे. समजा तुमच्या ओढ्यात ती 378 आली. म्हणजे 252 कमी व्हायला हवेत, दोन तृतीयांश. आता या दोन तृतीयांशाची वाटणी करायची: सेप्टिक टँकांकडून किती, पाळीव जनावरांकडून किती, गटारांच्या गळतीतून किती. नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ यांचा अंदाज काढायला ईपीएचं पीएलईटी हे मोफत साधन आहे. जमिनीचा वापर, जनावरांची संख्या, सेप्टिक टँकांची संख्या भरली की ते वार्षिक भार काढून देतं. चुकीची एकरं भरली तर उत्तरही चुकीचं येतं, म्हणून हे आकडे काउंटीच्या मृदसंधारण कार्यालयाकडून ताडून घ्यावेत.

पाण्याचे नमुने संघीय पैशातून घ्यायचे असतील, तर आधी गुणवत्ता हमीचा आराखडा, म्हणजे नमुने कसे घ्यायचे आणि तपासायचे याचं लेखी नियोजन, मंजूर व्हावा लागतो. मंजुरीआधी घेतलेल्या नमुन्यांचा खर्च नाकारला जाऊ शकतो. नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे आपल्या पायांनी उठलेला गाळ पाठीमागे वाहून जातो. निर्जंतुक बाटलीच्या तोंडाला बोट लावू नये, आणि वर थोडी जागा रिकामी ठेवावी. बाटली लगेच बर्फात घालून 6 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. शनिवारी दुपारी नमुने घेतले आणि प्रयोगशाळा सोमवारी उघडली, तर ते सगळे वाया.

आता पैशाचा हिशेब. संघीय वाटा जास्तीत जास्त 60 टक्के असतो आणि 40 टक्के बिगरसंघीय लागतो. हे 40 टक्के एकूण खर्चाचे आहेत. तुम्ही 60 हजार डॉलर मागत असाल, तर स्थानिक हिस्सा 40 हजार. पुष्कळ अर्जदार 60 हजारांचे 40 टक्के काढतात आणि 24 हजार लिहितात. मग अंदाजपत्रक 16 हजारांनी तोकडं पडतं. काही राज्यं या हिश्शाचा काही भार स्वतः उचलतात, तेव्हा राज्याची सूचना नीट वाचावी.

स्थानिक हिस्सा रोख असायलाच हवा असं नाही. स्वयंसेवकांचे तास, दान मिळालेली रोपं, नगरपालिकेने दिलेलं यंत्र हे सगळं जमेला धरता येतं. महाराष्ट्र मंडळांना इथे मोठी संधी आहे. मंडळाने स्वतः अर्जदार होऊन लेखापरीक्षणाचा भार घ्यायची गरज नाही. अर्ज नगरपालिकेचा किंवा नदीकाठच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा असावा, मंडळाने सहभागाचं पत्र द्यावं आणि माणसं द्यावीत. 40 जण 4 तास राबले तर 160 तास झाले. त्याला राज्याने मान्य केलेल्या ताशी दराने गुणायचं. पण हजेरीपत्रकावर तारीख, नाव, काम, तास आणि सही हवी. फोटोवरून तास ठरत नाहीत. कराराच्या तारखेआधीचे तास चालत नाहीत, आणि एकाच तासाचा हिस्सा दोन अनुदानांत दाखवता येत नाही.

दुसरी अडचण खेळत्या पैशाची. बहुतेक ठिकाणी आधी खर्च करायचा आणि मग बिलं लावून भरपाई मागायची अशी पद्धत असते. भरपाई यायला महिने लागू शकतात. ज्या संस्थेच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही, तिने अर्जदार होऊ नये. आणखी एक बंधन: पावसाचं पाणी गटारांतून ओढ्यात सोडण्यासाठी नगरपालिकेला जो परवाना असतो, त्याखाली तिला जे काम करणं बंधनकारकच आहे, त्यासाठी कलम 319 चे पैसे मिळत नाहीत. न्यू जर्सीत हा परवाना सगळीकडेच आहे. म्हणून परवाना काय सांगतो आणि आपण त्यापलीकडे काय करतो, हे अर्जात वेगळं मांडावं लागतं.

मोठी गटारं किंवा मैलापाणी केंद्र दुरुस्त करायचं असेल, तर दार वेगळं. 1972 च्या कायद्याखाली अशा बांधकामाला 75 टक्के संघीय अनुदान मिळे. 1987 नंतर त्याची जागा फिरत्या कर्जनिधीने घेतली. केंद्र सरकार पैसे देतं, राज्य त्यावर साधारण 20 टक्के घालतं, आणि नगरपालिकेला कमी व्याजाने कर्ज मिळतं. ते तुमच्या आमच्या पाणीपट्टीतूनच फिटतं, म्हणून नगरपालिकेच्या सभेत हा विषय निघाला तर जाऊन बसावं.

परवानग्यांबद्दल थोडंसं. काठावर नुसती झाडं लावायला कलम 404 चा परवाना लागत नाही. दगड किंवा माती पाण्यात टाकायची असेल तर लागतो. बहुतेक राज्यांत तो लष्कराच्या अभियंता दलाकडून मिळतो. न्यू जर्सीत बऱ्याचशा पाण्यांसाठी राज्यच देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2023 च्या सॅकेट निकालानंतर अनेक पाणथळ जागा संघीय कायद्याबाहेर गेल्या. हा मोठा धक्का आहे, आणि त्या जागा गेल्या तर खालचा ओढा सुधारणं अवघड होतं. न्यू जर्सीचा स्वतःचा पाणथळ जागांचा कायदा मात्र लागू आहे, तेव्हा ‘आता परवानगी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर राज्याकडे विचारून घ्या.

शेवटी प्रत्यक्ष काम. झाडांचा पट्टा काठापासून निदान 35 फूट रुंद असावा. रोपं 10 फुटांवर लावली तर एकरी साधारण 435 बसतात. ऐन काठावर, जिथे माती ढासळते, तिथे विलो किंवा डॉगवुडच्या फांद्या खोचाव्यात. पानं गळल्यावर आणि कोंब फुटण्याआधी त्या कापायच्या, अंगठ्याएवढ्या जाड, 2 ते 3 फूट लांब. खालचं टोक तिरकं कापावं आणि वरचं सपाट, म्हणजे उलटी खोचली जात नाही. फांदी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावी. कडक जमिनीत आधी लोखंडी पहारीने भोक पाडावं, मग रबरी हातोड्याने दोन तृतीयांश फांदी आत ठोकावी. टोक ओल्या थरापर्यंत पोचायला हवं, आणि वर दोन-तीन डोळे राहायला हवेत. ठोकताना वरचं टोक फुटलं तर तेवढं कापून टाकावं. वाळलेल्या फांद्या ठोकल्या, तर वसंतात नुसत्या काड्या उभ्या राहतात.

वरच्या पट्ट्यातल्या रोपांना हरणांपासून वाचवायला प्लास्टिकच्या नळ्या घालतात. नळी इंचभर मातीत दाबावी, नाहीतर रानउंदीर आत शिरून साल कुरतडतात. नळीभोवतीचं तीन फुटांचं गवत काढत राहावं, कारण उंदीर गवतातच लपतात. वरची जाळी पक्षी आत पडू नयेत म्हणून असते. शेंडा जाळीपाशी आला की ती काढावी, नाहीतर शेंडा वाकतो. पूर आला की वाकलेल्या नळ्या त्याच आठवड्यात सरळ कराव्यात. अनुदानाची मुदत संपल्यावर हे कोण करणार, हे जमीनमालकाशी लेखी ठरलेलं असावं. राज्यं अर्जात हे विचारतातच. पट्ट्याची देखभाल, नळ्या काढायचं साल आणि त्या माणसाचं नाव या तीन ओळी करारात घालूनच सही घ्या.