सोलापूरची सून: ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पाहण्यापूर्वी

मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, चित्रपट दाखवण्यापूर्वी केलेले भाषण. थोडे संपादित करून.

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या सर्व मंडळींना नमस्कार.

आज आपण जो चित्रपट पाहणार आहोत तो 1946 सालचा आहे. त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला मला सांगितले, याचे एक कारण मी सोलापूरची आहे हे असावे. दुसरे कारण मी स्वतःच देते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही टोरांटोहून उत्तरेला ग्रेव्हनहर्स्टला गेलो होतो. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा जन्म झालेले लाकडी घर तिथे सरकारने जपून ठेवले आहे. त्या घराच्या पायरीवर उभी असताना माझ्या मनात आले की आपण ओंटारिओतली मराठी माणसे या गावाला तळी आणि झाडी पाहायला जातो, पण ज्या प्रेमकथेवर शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांताराम यांनी, चित्रपट काढला तिची सुरुवात या घरात जन्मलेल्या माणसाच्या समाधीपाशी झाली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. तेव्हापासून हा चित्रपट मंडळात दाखवावा असे मला वाटत होते.

कथा थोडक्यात सांगते, कारण आपल्या तरुण सभासदांना ती माहीत नसण्याची शक्यता आहे. जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना 1938 च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि पाचवे होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेले. देश स्वतः पारतंत्र्यात होता आणि तरीही त्या देशाने दुसऱ्याच्या जखमा बांधायला आपली मुले पाठवली, याचा मला आजही अभिमान वाटतो. हे सोलापूरच्या मुलाने का केले असावे, असे मला कोणी विचारले तर मी आमच्या गावातल्या चार पुतळ्यांकडे बोट दाखवते. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. कोटणीस तेव्हा विशीत होते. त्या गावाच्या हवेत वाढलेल्या मुलाला परक्याची गुलामी ही दूरची गोष्ट वाटली नसेल.

पाचांतले चौघे पुढेमागे परतले. कोटणीसांना चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी कळली, आणि तरीही ते राहिले. ते चिनी भाषा शिकले. उत्तर चीनमधल्या, जपानी फौजांनी वेढलेल्या डोंगराळ भागात त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि 1941 च्या जानेवारीत बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. बेथ्यून स्वतः 1939 च्या नोव्हेंबरात त्याच भागात वारले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले गेले, जखम चिघळली आणि विष रक्तात भिनले. 1940 मध्ये त्यांच्या समाधीचा समारंभ झाला. तिथे गुओ चिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिकेने हा भारतीय डॉक्टर पहिल्यांदा पाहिला. तो आपल्या भाषेत बोलतो, याचे तिला नवल वाटले. 1941 च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या हकिकतीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ‘आणि एक जण परतला नाही’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. त्याच पुस्तकावरून अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा रचली. शांतारामबापू ‘प्रभात’मधून बाहेर पडून परळला राजकमल कलामंदिर उभे करून थोडीच वर्षे झाली होती. ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ काढणाऱ्या दिग्दर्शकाला हा विषय भावला यात नवल नाही, कारण माणसाने आपले कुंपण ओलांडून पलीकडच्या माणसाकडे जावे हा त्यांचा फार जुना ध्यास होता. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि चिंग लानची जयश्रीबाईंनी. संगीत वसंत देसाईंचे. बाहेरच्या देशांतल्या प्रेक्षकांसाठी चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही काढली गेली.

आज आपण या चित्रपटाला युद्धकाळातली प्रेमकथा म्हणतो, ऐतिहासिक म्हणतो. 1946 च्या प्रेक्षकाला मात्र ही कालपरवाची गोष्ट होती. महायुद्ध संपून वर्ष झाले होते, कोटणीसांना जाऊन चार वर्षेही झाली नव्हती आणि स्वातंत्र्य अजून यायचे होते. पडद्यावरच्या चिनी बाईचे बाळ त्या वेळी खरोखर चीनमध्ये कुठेतरी वाढत होते, जेमतेम चार वर्षांचे. हे ध्यानात ठेवून चित्रपट पाहिला तर त्यातला आवेश आपल्याला परका वाटणार नाही.

चित्रपटाच्या उणिवा मी झाकून ठेवणार नाही. चीनमध्ये जाऊन चित्रीकरण करणे शक्य नव्हते आणि चिनी माणसांच्या भूमिका आपल्याच नटांनी रंगभूषा करून केल्या आहेत. बाबूराव पेंढारकरांसारखा थोर नट चिनी सेनानी होऊन समोर येतो, त्याच्या आवाजाने आणि उभे राहण्याच्या ढबीने आपण भारावतो, पण डोळ्यांभोवतीची रंगभूषा आजच्या नजरेला खटकतेच, आणि आपल्या शेजारच्या चिनी कुटुंबाला हा चित्रपट दाखवताना मला संकोच वाटेल हे मी मान्य करते. शांतारामबापूंचे वय तेव्हा पंचेचाळिशीच्या जवळ होते, कोटणीस त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान होते. शिवाय पटकथेने साथीच्या रोगावर औषध शोधण्याचे आणि जपान्यांच्या हाती सापडण्याचे प्रसंग घालून डॉक्टरांना शूरवीर केले आहे. मला वाटते, याची गरज नव्हती. औषधे नाहीत, उपकरणे अपुरी, सतत जागा बदलावी लागते आहे, अशा स्थितीत दिवसामागून दिवस जखमी माणसे टेबलावर घेत राहणे, हेच खरे शौर्य होते. पण हे शौर्य पडद्यावर दाखवणे कठीण, कारण त्यात रोज तेच ते काम असते. तेव्हाच्या बोलपटाला काहीतरी घडावे लागत होते. खऱ्या कोटणीसांच्या आयुष्यात जे घडले ते बहुतेक शांतपणे घडले.

प्रेमाच्या बाबतीत मात्र चित्रपटाची नजर अचूक आहे. हिंदी चित्रपटातल्या युद्धाच्या प्रेमकथा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत बहुधा नायक आघाडीवर जातो, नायिका गावी राहते आणि मधे पत्रे असतात. इथे नायिका आघाडीवरच आहे. तिच्या अंगावर गणवेश आहे आणि तिच्या हातात काम आहे. दोघांचे सूत जुळते ते कामातून, एकाच रुग्णाच्या दोन बाजूंना उभे राहून. आणि या प्रेमाचे मूळ, खऱ्या आयुष्यात तरी, भाषेत होते. ज्या बाईने हजारो सैनिक पाहिले होते तिला एका परदेशी माणसाने तिची भाषा शिकण्याचे घेतलेले कष्ट दिसले. परक्या देशात येऊन इथली भाषा शिकण्याची धडपड ज्यांनी केली आहे, चुकीच्या उच्चारावर दुकानात समोरचा माणूस थांबला की ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्यांना या गोष्टीचे मोल मी वेगळे सांगायला नको.

आता शेवटच्या प्रसंगाबद्दल. शेवट आधी सांगू नये असा संकेत आहे, पण डॉक्टर परत येत नाहीत हे सोलापूरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते, म्हणून सांगते. मृत्युशय्येवर कोटणीस चिंग लानला आपल्या घराबद्दल सांगत असतात. तू जाशील तेव्हा काय दिसेल, कोण भेटेल, तुला कसे घरात घेतील. आणि पडद्यावर आपल्याला दिसते ते पुढचे, म्हणजे बाळाला घेऊन त्या घरी येणारी चिंग लान. आवाज त्यांचा आहे आणि चालते आहे ती. ज्या वाटेने मुलाने परत यायचे होते त्या वाटेने त्याची बायको येते, जिने ती वाट कधीच पाहिलेली नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला, सोलापुरात, आईच्या शेजारी बसून. हा प्रसंग आला तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “कशी राहिली असेल गं ती?” मला तेव्हा वाटले की आई विधवेबद्दल बोलते आहे. या वर्षी हाच चित्रपट मी माझ्या सुनेबरोबर पाहिला. ती इथलीच, तिचे आजी-आजोबा पोलंडहून आलेले. तिला हिंदी येत नाही, मी शेजारी बसून सांगत होते. शेवटचा प्रसंग संपल्यावर ती काही वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, “त्या घरात कोणाला तिची भाषा येत होती का?” आईने विचारले ते आणि हिने विचारले ते एकच होते, हे समजायला मला चाळीस वर्षे लागली. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा आम्ही सगळे मराठीत बोलत होतो आणि ती हसऱ्या चेहऱ्याने ताटातल्या कोशिंबिरीकडे पाहत होती, ते मला त्या दिवशी आठवले. तेव्हा मी ते पाहिले होते, पण थांबले नव्हते.

म्हणून या चित्रपटाचा सगळ्यात मोठा धीटपणा मला त्या घरात दिसतो. युद्धाच्या प्रसंगांत तो तितका नाही. 1946 साली आपल्याकडे पोटजातीबाहेरचे लग्नही घरोघरी वादळ उठवत होते, आणि शांतारामबापूंनी एका मराठी घराच्या दारात चिनी सून आणून उभी केली. तिच्यासाठी दार उघडलेले आहे, हे त्यांनी गृहीत धरले. त्यावर चर्चा नाही की उपदेश नाही.

खऱ्या गुओ चिंगलान यांच्या नशिबी असे सरळ घरी येणे नव्हते. जपानशी युद्ध संपले आणि चीनमध्ये यादवी सुरू झाली. त्या चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या भारतात येऊन गेल्या, कोटणीस कुटुंबाशी त्यांचे नाते टिकले आणि 1962 च्या युद्धानेही ते तुटले नाही. यिन्हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना 1967 मध्ये गेला, पंचविशीही न गाठता. म्हणजे बापाचेही आयुष्य अर्ध्यावर राहिले आणि मुलाचेही, आणि ही बाई त्यानंतर कितीतरी वर्षे जगली. 2012 साली दालियन शहरात त्यांचे निधन झाले. चीनमध्ये 1982 साली कोटणीसांवर वेगळा चित्रपट निघाला. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांचा पुतळा आहे आणि त्याच आवारात बेथ्यून यांचाही. सोलापुरात कोटणीसांचे स्मारक आहे. तुमच्यापैकी कोणी सुट्टीत पंढरपूर-अक्कलकोट करणार असेल तर वाट वाकडी करून तिथे जरूर जा.

माझी एक तक्रार शिल्लक आहे. चित्रपटाचे नाव डॉक्टरांचे आहे, स्मारके डॉक्टरांची आहेत, टपाल तिकीटही डॉक्टरांचेच. ते योग्यच आहे. पण ज्या बाईने हा माणूस जेमतेम वर्षभर नवरा म्हणून पाहिला आणि सत्तर वर्षे त्याची आठवण सांभाळली, तिच्या नावाचा उच्चार सोलापुरात शाळकरी मुलांना आम्ही कधी शिकवला नाही. मलाही तो इथे येऊन, आमच्या इमारतीतल्या एका चिनी आजींकडून नीट कळला. त्यांनी मला तीनदा म्हणायला लावले.

चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. प्रत जुनी आहे आणि आवाज काही ठिकाणी खरखरतो. आपल्याबरोबर आलेल्या ज्या पाहुण्यांना हिंदी समजत नाही त्यांच्या शेजारी हिंदी जाणणारे कोणीतरी बसावे, अशी व्यवस्था स्वयंसेवकांनी केली आहे. त्यांना हळू आवाजात सांगत राहा, आजूबाजूच्यांनी त्याबद्दल कुरकुर करू नये. चहा संपला असेल तर दिवे मालवायला हरकत नाही.