रॉबिन हूडपुढे हरलेला बिशप

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर 'ह्यू लॅटिमरचं हौतात्म्य' असं छापलंय, हा सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचा प्रोटेस्टंट बिशप, जिवंत जाळलेला, त्याकडे येतोच, पण आधी माझी एक तक्रार. या माणसाचं नाव काढलं की लोक थेट आगीपाशी जाऊन उभे राहतात, अरे तो आधी बोलायचा कसा ते तरी बघा!

लेस्टरशरमधल्या शेतकऱ्याचा पोरगा. १५४९ साली समोर अकरा वर्षांचा राजा सहावा एडवर्ड बसलाय आणि हा भर प्रवचनात घरचा हिशोब मांडतो, बापाची स्वतःची जमीन नव्हती, वर्षाला फार तर तीन-चार पौंड खंडाची शेती, शंभर मेंढरं, आई तीस गाईंच्या धारा काढायची. आणि आता तीच शेती करणारा सोळा पौंड भरतो, गरिबाला पेलाभर प्यायला द्यायची ऐपत नाही त्याची. जमीनदार ऐकत होतेच की तिथे!

त्याच प्रवचनमालेतला माझा लाडका किस्सा. लंडनहून घरी जाताना यानं एका गावात आदल्या रात्री निरोप धाडला, उद्या सणाचा दिवस, मी प्रवचन करीन. सकाळी बघतो तर चर्चला कुलूप. अर्धा तास, जास्तच, ताटकळला. शेवटी किल्ली सापडली, एक गावकरी आला आणि म्हणतो, साहेब आज आम्हाला वेळ नाही हो, आज रॉबिन हूडचा दिवस, सगळं गाव वर्गणी गोळा करायला गेलंय! मला वाटलं माझा नाही तर निदान माझ्या बिशपच्या झग्याचा तरी मान ठेवतील, लॅटिमर म्हणतो, पण छे, झग्यालाही बाजूला व्हावं लागलं. वर श्रोत्यांना बजावतो, हसू नका, ही रडायची गोष्ट आहे. (तुम्ही हसलात. मी नाही हसलो, वर्ल्ड कपच्या फायनलला माझं व्याख्यान ठेवलं होतं एकांनी, मी, अध्यक्ष आणि माईकवाला.)

आणि नांगराचं प्रवचन, १५४८, नांगरणी म्हणजे धर्मोपदेशाचं काम. इंग्लंडमधला सगळ्यात कष्टाळू बिशप कोण? सैतान! कधी रजा नाही, नांगर सोडून कुठे जात नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर पटापट. १५५३ ला कॅथलिक मेरी राणी गादीवर, हा लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत, मग ऑक्सफर्ड. १६ ऑक्टोबर १५५५, बॅलिओल कॉलेजबाहेर रिडली या दुसऱ्या प्रोटेस्टंट बिशपबरोबर जाळला. मरण लवकर यावं म्हणून रिडलीच्या मेव्हण्यानं बंदुकीच्या दारूच्या पिशव्या आणल्या होत्या, लॅटिमर लवकर मेला, रिडलीकडे लाकडं चुकीची रचलेली, पाय जळाले तरी जीव जाईना. आज आपण कधी विझणार नाही अशी मेणबत्ती पेटवू, हे लॅटिमरच्या तोंडचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं ना, ते जॉन फॉक्सच्या हुतात्म्यांवरच्या पुस्तकाच्या १५६३ च्या आवृत्तीत नाहीच, १५७० च्या आवृत्तीत येतं.

आणि मुख्य मुद्दा राहिला, १५३८. फॉरेस्ट नावाच्या कॅथलिक भिक्षूला स्मिथफील्डला साखळ्यांनी आगीवर टांगून जाळलं, तेव्हा समोर प्रवचन लॅटिमरचं. आधी क्रॉमवेलला, म्हणजे आठव्या हेन्री राजाच्या मंत्र्याला, पत्र लिहून सांगितलेलं, माझं स्टेज फॉरेस्टच्या जवळ असू दे, जमलं तर त्याचंही मन वळवीन. आज खरं तर यावरच बोलायचं होतं, पण अध्यक्ष उठलेत.