ओढा आणि डॉगवूड

[दृश्य : एप्रिल. उतारावर सरकणारी जाळरेषा, धूर]

ही आग मुद्दाम लावलेली आहे. अमेरिकेतलं कॅन्सस राज्य, फ्लिंट हिल्स. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. या दगडांनी इथं नांगर चालू दिला नाही, म्हणून पुरुषभर उंचीच्या गवताचं हे रान टिकलं. आजूबाजूचं बहुतेक सगळं शेतीखाली गेलं.

हे कोंझा प्रेअरी, जवळजवळ साडेतीन हजार हेक्टर. चाळीसेक वर्षं इथं एक प्रयोग अखंड चालू आहे. एक पाणलोट दरवर्षी जाळायचा, दुसरा चार वर्षांनी, तिसरा वीस वर्षांनी, आणि खाली ओढ्यात किती पाणी उतरतं ते मोजायचं.

[दृश्य : ड्रोन, शेजारशेजारचे दोन उतार]

डावीकडचा उतार दरवर्षी जळतो. निव्वळ गवत. उजवीकडचा चार वर्षांतून एकदा. त्यावर हे गोल गोल ठिपके दिसतायत, ती डॉगवूडची झुडपं. मुळांतून शेजारी फुटवे येतात आणि बेट रुंदावत जातं. बेटात दाट सावली, त्यामुळे गवत नाही. गवत नाही म्हणजे आगीला खायला काही नाही. आग बेटाच्या कडेपर्यंत येते आणि तिथंच विझते. हे बघा, विझलीच. एकदा बेट जमलं की मग दरवर्षी जाळूनही ते हटत नाही.

[दृश्य : खणलेला चर, मुळं, खाली चुनखडी]

गवताची मुळं खोल जातात, पण पाणी पितात ते मुख्यतः वरच्या फूटभर मातीतलं. डॉगवूड त्याखालचं ओढतं. चुनखडीच्या भेगांतून झिरपत जे ओढ्याला मिळायचं, तेच.

झाडं वाढली की पाणी वाढतं, असं आपण शाळेपासून ऐकलंय. पुणे-सोलापूरकडच्या माळरानांना सरकारी नकाशात ‘पडीक’ म्हणून त्यांवर रोपांसाठी खड्डे खणले जातात. तिथल्या गवताखालचं पाणी आधी मोजायला हवं.

[दृश्य : कोरडं पात्र, एक डोह, त्यात मासे]

किंग्ज क्रीक, कोंझातला ओढा. पाण्याची नोंद 1979 पासून. पाऊस घटलेला नाही. वाहतं पाणी घटलंय, कोरडे दिवस वाढलेत.

[दृश्य : करवत, पडणारी झाडं]

2010 मध्ये एका पाणलोटात ओढ्याकाठची झाडं-झुडपं कापायला घेतली. फुटवे आले, पुन्हा कापली. दशकभर हेच चाललं. ओढा सावरला नाही. वरच्या उतारांवरची बेटं जागेवरच होती. शिवाय जाड मुळांनी खडकातल्या वाटा रुंद केल्या असाव्यात आणि पाणी ओढ्याला चुकवून खोल उतरत असावं, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

[दृश्य : कॅन्सस नदी, संध्याकाळ]

हा ओढा पुढे कॅन्सस नदीला मिळतो. टोपेका आणि लॉरेन्स ही शहरं याच नदीतून पाणी घेतात.