नदीचा उतार कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

चीनच्या दोन जुन्या विचारधारा आज आपल्यापुढे आहेत, कन्फ्यूशियसची आणि ताओवाद्यांची. दोघांतला फरक मला एका गोष्टीतून सांगायला फार आवडतं.

कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पूर्व ५५१ ते ४७९. चीनमधली छोटी छोटी राज्यं तेव्हा आपसांत लढत होती. आपलं लू राज्य सोडून हा गुरू शिष्यांसह वर्षानुवर्षं फिरत राहिला. एखादा तरी राजा ऐकेल, नीट राज्य करील, ही आशा. असंच जाताना एकदा नदी आडवी आली. पायी पार होता येईल अशी उथळ जागा, म्हणजे उतार, सापडेना. जवळच दोघंजण शेत नांगरत होते. गुरूनं त्झूलू नावाच्या शिष्याला पाठवलं, "जा, उतार कुठे आहे विचारून ये."

पहिला म्हणाला, "रथात लगाम धरून बसलाय, तो कोण?"

"कन्फ्यूशियस."

"लू राज्यातला?"

"हो."

"मग त्याला उतार ठाऊक असणारच!"

त्झूलू दुसऱ्याकडे वळला. तो म्हणाला, "सगळ्या जगातच पूर आलाय. तो कोण परतवणार? या राजाला टाळ, त्या राजाला टाळ, अशा माणसामागे हिंडण्यापेक्षा जगालाच टाळणाऱ्यांबरोबर का राहत नाहीस?" एवढं बोलून तो बी मातीआड करत राहिला. हात थांबला नाही.

उतार कुणीच सांगितला नाही. वाट विचारणाऱ्याला आधी वाट सांगावी, मग हवं ते ऐकवावं, असं माझं ठाम मत आहे. हल्ली फोन वाट दाखवतो, त्यामुळे अनोळखी माणसाशी चार शब्द बोलायचं निमित्तच गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. असो.

त्झूलूनं येऊन सगळं सांगितलं. गुरूनं सुस्कारा सोडला. म्हणाला, "पशुपक्ष्यांच्या कळपात मी राहू शकत नाही. माणसांत नाही राहायचं, तर कुणात? जग सरळ वाटेवर असतं, तर ते बदलायला मी निघालोच नसतो."

श्रोतेहो, पुन्हा सांगतो. माणसांत राहा, प्रत्येक नातं आपुलकीनं आणि रीतीनं निभवा, हा झाला कन्फ्यूशियस. सृष्टीला स्वतःची चाल आहे, तिच्यावर जबरदस्ती करू नका, हा झाला ताओवाद. शेतातल्या त्या दोघांचाच सूर ताओवादाचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या लाओत्सेच्या नावानं चालत आलेल्या ८१ प्रकरणांच्या ग्रंथात ऐकू येतो. मी स्वतः रथातल्या गुरूच्या बाजूचा आहे.

आज याचं काय? १ जुलै २०१३ पासून चीनमध्ये कायदाच आहे: वेगळं राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना वरचेवर भेटावं, निदान विचारपूस करावी. लाओत्सेचा ग्रंथ म्हणतो, नात्यांत बेबनाव झाला की मातृपितृभक्तीची भाषा सुरू होते. कन्फ्यूशियसनं तर विचारलं होतं, खायला कुत्र्याघोड्यांनाही घालतात, मनात आदर नसेल तर आईबापांना पोसण्यात वेगळं ते काय? एरवी विरुद्ध टोकांना उभे असलेले हे दोघं इथे मला अगदी शेजारी दिसतात. मुलानं दार वाजवावं अशी सक्ती कायदा करू शकतो, पण आत येऊन तो आईशी कसा बोलेल, हे कायद्याच्या हातात नाही.

नमस्कार.